शहरांची अंधाराची तयारी : सरकारी अनुदान, निळं बाइंडर आणि एक टँकर

रॅरिटनकाठचा

मंडळी, नमस्कार. गेल्या शनिवारी गॅरेज आवरताना तीन इंच जाडीचं एक निळं बाइंडर सापडलं. बायको म्हणाली रद्दीत टाका. टाकणार होतो, पण उघडून बघितलं आणि दुपार गेली. म्हणून हा धागा.

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. ओक ट्री रोडवरून गाडीने दहा मिनिटं. २०१२ ची कोजागिरी २९ ऑक्टोबरला होती. चार घरं जमणार होती, मी दूध आटवायला ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी सँडी वादळ अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्यावर आलं. पौर्णिमेची भरती आणि वादळाची लाट एकत्र आली, त्यामुळे पाणी आणखी चढलं. आमच्याकडे पाणी आलं नाही, लाइट मात्र गेले ते नऊ दिवस. ते दूध मेणबत्तीच्या उजेडात आम्ही दोघांनीच संपवलं. केशर होतं, चंद्र नव्हता.

थंडी आणि अंधार सोसता आला. हाल झाले ते पेट्रोलचे. पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांत माल होता, पण तो वर ओढायला वीज नव्हती. ज्या पंपाला वीज होती तिथे मैलभर रांग. ३ नोव्हेंबरपासून राज्यपालांनी १२ काउंट्यांत सम-विषम लावलं, म्हणजे नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेलाच पेट्रोल. ते उठलं १३ नोव्हेंबरला, बरोबर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आमच्या दोन्ही गाड्या विषम. शेजारच्या पटेलभाईंच्या दोन्ही सम. त्या दहा दिवसांत जी मैत्री झाली ती आजतागायत आहे.

पुढच्या वर्षी गावाच्या आणीबाणी समितीवर स्वयंसेवक हवेत अशी चिठ्ठी आली, मी नाव दिलं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की शहराने ऊर्जेच्या आणीबाणीची योजना लिहावी म्हणून अमेरिकेत सरकार वेगळे पैसे देतं. याची मोठी सुरुवात २००९ ची. मंदीनंतर ओबामांनी ७८,७०० कोटी डॉलरचा रिकव्हरी अ‍ॅक्ट आणला, त्यात रस्ते, शाळा, सौरऊर्जा सगळं होतं. त्यातल्या एका बारीकशा कोपऱ्यातून ऊर्जा खात्याने राज्यांना जवळपास चार कोटी डॉलर दिले आणि २०१० मध्ये ४३ शहरांना मिळून ८० लाख. नाव होतं ‘लोकल एनर्जी अ‍ॅश्युरन्स प्लॅनिंग’. सरासरी काढली तर एका शहराला दोन लाखही येत नाहीत. या पैशातून जनरेटर घ्यायचा नव्हता. करायचं काय, तर आपल्या गावात वीज, गॅस, पेट्रोल, डिझेल कुठून येतं, कुणाच्या हातात आहे, एक तुटलं तर बाकी काय काय बसतं, आणि अशा वेळी कुणी कुणाला फोन करायचा, हे शोधून लिहून काढायचं. मग त्याची रंगीत तालीम करायची.

आमचं गाव त्या ४३ मध्ये नव्हतं. आम्हाला सँडीनंतर दुसऱ्या एका निधीतून थोडेसे पैसे मिळाले. एका सल्लागार कंपनीने त्यातून १८० पानं लिहून दिली. तेच हे बाइंडर.

त्यातली १७० पानं कुठल्याही गावाला चालली असती, नुसतं नाव बदलायचं. पण एका बैठकीत एक गोष्ट बाहेर आली ती मी विसरणार नाही. रुग्णालय, सांडपाण्याचं केंद्र, वृद्धाश्रम आणि पोलिसांचं नियंत्रण कक्ष, चौघांकडे जनरेटर होते. चौघेही छातीठोकपणे म्हणाले, आमचा डिझेलचा करार आहे, चोवीस तासांत टँकर येतो. समितीतल्या एका आजीबाईंनी विचारलं, कुणाशी करार आहे? चौघांनी एकच नाव घेतलं. त्या माणसाकडे टँकर होते दोन. त्यातला एक सँडीत पाण्यात गेला होता.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

तर माझं म्हणणं असं की योजनेसाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत, हे टँकरचं उघड झालं तेवढ्याने सगळे वसूल. वाया जातं ते नंतर. परवा मी त्या बाइंडरमधल्या ३१ नंबरांना फोन लावून बघितले. १२ लागले. तो डिझेलवाला धंदा विकून फ्लोरिडाला गेलाय. योजना लिहायला अनुदान मिळतं. दरवर्षी तिच्यावरची धूळ झटकायला छदाम मिळत नाही.

तुमच्या शहरात काय आहे? जगात कुठेही असाल तरी लिहा.

---

शेवग्याची_शेंग

आधी पोच. वाचते सावकाश. कोजागिरीचं वाचून गलबललं.

---

खवट_पुणेकर

लेख चांगला, पण ‘अमेरिकेत सरकार वेगळे पैसे देतं’ या वाक्याशी थांबलो. दोन लाख डॉलर खर्चून कळलं काय, तर डिझेलवाला एकच आहे! आमच्या पेठेत हे वाण्याने फुकट सांगितलं असतं.

गंमत सोडा. पुण्याने २००६ मध्ये केंद्राकडून रुपया न घेता काय केलं ते नव्या पोरांना माहीत नसेल. तेव्हा राज्यभर भारनियमन. सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकाराने ठरलं की मोठ्या कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपले स्वतःचे जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहराला मोकळी होईल. डिझेलची वीज महाग, तो फरक ग्राहकांच्या बिलात ‘रिलायबिलिटी चार्ज’ म्हणून लागला. वीज नियामक आयोगापुढे सुनावण्या झाल्या, लोक तावातावाने भांडले, आणि पुण्यातलं लोडशेडिंग गेलं. अनुदान नाही, बाइंडर नाही.

---

मीटरवाला_काका

खवटराव, अर्धं सांगितलंत. तो टंचाईवरचा उपाय होता, आणीबाणीवरचा नव्हे. रोज दुपारी वीज कमी पडणार हे माहीत असताना वेळापत्रक आखणं वेगळं. भर सकाळी चार वाहिन्या एकदम बसल्यावर काय करायचं हे वेगळं. आणि त्या मॉडेलचं बिल पुणेकरांनी भरलं, तेव्हा तुमच्या आळीत किती बोंब होती ती मी ऐकली आहे. मी त्या काळी वीज खात्यात होतो.

दुसऱ्या प्रकारासाठी मुंबईचं उदाहरण घ्या. मुंबईला १९८१ पासून आयलंडिंगची व्यवस्था आहे. बाहेरची ग्रिड कोसळायला लागली की मुंबई आपोआप तिच्यापासून सुटी होते, आणि ट्रॉम्बे, डहाणू, शिवाय खोपोली-भिवपुरी-भिऱ्याचं पाणी यांच्यावर शहराचा महत्त्वाचा भाग चालू राहतो. तिने मुंबईला अनेकदा वाचवलं, आणि वाचवलं तेव्हा बातमी झाली नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकापाठोपाठ गेल्या. आयलंडिंग झालं, पण टिकलं नाही. शहराच्या आत त्या क्षणी जेवढी निर्मिती चालू होती ती मागणीच्या मानाने कमी पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली, आणि तो कोविडचा काळ.

आता यात बाइंडरचं काय? योजना होती, यंत्रणाही होती. पण शहराची मागणी वर्षानुवर्षं वाढत गेली, बाहेरची वीज स्वस्त म्हणून आतली निर्मिती मागे पडली, आणि योजनेतला हिशेब जुनाच राहिला. तुमचा डिझेलवाला फ्लोरिडाला गेला, आमची मेगावॉट.

---

खवट_पुणेकर

काका, शेवटच्या वाक्याला सलाम. बाकी माघार नाही.

---

सनीव्हेलची_सून

छान धागा. आमच्या शेजारचं सॅन होजे त्या ४३ शहरांत होतं. पुढे कॅलिफोर्नियाच्या एनर्जी कमिशनने केंद्राच्याच पैशातून ‘कॅलीप’ म्हणून उपक्रम केला आणि ज्या छोट्या गावांना स्वतः सल्लागार परवडत नाहीत त्यांना हाताला धरून योजना लिहायला शिकवलं. मला ही पद्धत जास्त पटते. १८० पानं दुसऱ्याने लिहून देण्यापेक्षा २० पानं गावाने स्वतः लिहावीत.

इथे दोन प्रसंग असे झाले की ज्यांची आधी कुणी कल्पना केली नव्हती. १६ एप्रिल २०१३ ला मध्यरात्रीनंतर सॅन होजेच्या दक्षिणेला मेटकाफ सबस्टेशनवर कुणीतरी आधी फोनच्या फायबरच्या तारा कापल्या आणि मग रायफलीने १७ ट्रान्सफॉर्मर फोडले. तेल गळून ते तापले आणि बंद पडले. वीज दुसऱ्या वाटेने फिरवली म्हणून शहरात दिवे गेले नाहीत. दिवे गेले नाहीत म्हणून आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांना आजही हे माहीत नाही!

दुसरा प्रसंग उलटा. नोव्हेंबर २०१८ मध्ये वीजकंपनीच्या जुन्या टॉवरवरचा झिजलेला हूक तुटून ‘कॅम्प फायर’ नावाचा वणवा पेटला, ८५ माणसं गेली. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये वारा सुटणार म्हणून कंपनीने स्वतःहून सात लाखांवर ग्राहकांची वीज कापली. म्हणजे वादळ नाही, बिघाड नाही, आणीबाणी ठरवून आणलेली. माझ्या मैत्रिणीचे सासरे डोंगराकडच्या वस्तीत राहायचे, रात्रभर ऑक्सिजनच्या मशीनवर. कंपनीचा मेसेज आला, पण जुन्या नंबरवर. पहाटे तीन वाजता मैत्रीण आणि तिचा नवरा त्यांना गाडीत घालून घरी घेऊन आले. राज्याने त्या वर्षी याच कामासाठी स्वतःची खाती आणि काउंट्या-शहरं मिळून साडेसात कोटी डॉलर दिले. त्यातून जनरेटर आले, मोबाइल चार्ज करायची केंद्रं झाली. पण मशीनवर असलेल्या माणसांची यादी कुणाकडे पूर्ण नव्हती. कंपनीकडे वेगळी, दवाखान्याकडे वेगळी, आणि खासगीपणाच्या नियमाने एकमेकांना द्यायची नाही.

---

टवाळ_टिटवी

म्हणजे अमेरिकेतसुद्धा लाइट जातात? आमच्या आत्येभावाने दहा वर्षं सांगितलं होतं की तिकडे मेणबत्ती फक्त वाढदिवसाला लावतात.

(हलके घ्या.)

---

ह्यूस्टनची_हुरहुर

टिटवी, आमच्याकडे या! फेब्रुवारी २०२१. टेक्सासात हिमवादळ, घरात ४ अंश सेल्सियस, आम्ही चौघं एका खोलीत, सतरंजीवर, दारांना चादरी लावून. नळ गोठून फुटले. राज्याच्या आरोग्य खात्याच्या हिशेबाने २४६ माणसं गेली.

रॅरिटनकाठ यांच्या मुद्द्याला धरून एक सांगते, कारण हे वाचून मी तेव्हा डोकं धरून बसले होते. टेक्सासात निम्मी वीज गॅसवर होते. गॅस विहिरीतून काढायला आणि पाइपमधून ढकलायला यंत्रं लागतात, त्यातली बरीच विजेवर चालतात. वीज कमी पडली तेव्हा ग्रिडवाल्यांनी भारनियमन सुरू केलं. कुणाची कापायची नाही याची एक यादी असते, दवाखाने वगैरे. त्या यादीत यायला कंपनीने एक साधा फॉर्म भरून द्यायचा असतो. अनेक गॅसवाल्यांनी तो भरलाच नव्हता. त्यामुळे त्यांची वीज कापली गेली, म्हणून गॅस कमी झाला, म्हणून वीजकेंद्रं बंद पडली, म्हणून आणखी वीज कापावी लागली. आपल्याच शेपटीला चावणारा साप.

१५ तारखेच्या पहाटे ग्रिडची फ्रिक्वेन्सी (एरवी ६० हर्ट्झ असते) ५९.४ हर्ट्झच्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद होती. नऊ मिनिटं राहिली असती तर यंत्रं स्वतःला वाचवायला सुटली असती आणि जवळजवळ अख्खं राज्य कदाचित काही आठवडे अंधारात गेलं असतं.

त्या साध्या फॉर्मला अनुदान लागत नाही हो. कुणीतरी फोन करून ‘भरलात का’ विचारणारा लागतो.

---

मीटरवाला_काका

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याकडे फीडरवर, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर, ‘अत्यावश्यक’ म्हणून लाल रंगाची खूण असायची. मी एका तालुक्यात बदली होऊन गेलो तेव्हा त्या खुणेच्या फीडरवर सिनेमा टॉकीज होतं आणि पाणीपुरवठ्याचा पंप साध्या फीडरवर. टॉकीज आधीच्या जमान्यात पुढाऱ्याचं होतं, मी गेलो तेव्हा तर बंदच पडलं होतं. खूण तशीच.

---

रेवदंड्याचा_वारा

निसर्ग चक्रीवादळ, ३ जून २०२०. आम्ही अलिबाग तालुक्यात. गावातले खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. आमच्या वाडीत वीज यायला २२ दिवस लागले, श्रीवर्धनकडे काही ठिकाणी त्याहून जास्त.

वीज गेली म्हणजे विहिरीचा पंप गेला, गिरणी गेली. तांदूळ होते, पीठ नव्हतं. मोबाइल टॉवरची बॅटरी पहिल्याच दिवशी संपली, त्यामुळे मुंबईतल्या मुलांना आपण जिवंत आहोत हे सांगायला डोंगरावर चढून जायचं. एका जनरेटरवाल्याने गावोगाव फिरून टाक्या भरून द्यायचा धंदा केला, टाकीमागे पाचशे रुपये. लोकांनी शिव्या दिल्या आणि पैसेही दिले.

आपल्याकडेही यासाठी निधी आहे हे खवटरावांना सांगतो. जागतिक बँकेच्या मदतीचा राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्प होता, त्यातून अलिबाग शहरात भूमिगत केबल आली. गोव्यातही त्यातूनच कामं झाली. फरक एवढाच की इथे पैसा थेट खड्डा खणायला येतो. आधी सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून ‘तुझा टँकर कुठला’ विचारायला येत नाही. शहराची केबल जमिनीखाली गेली, वाडीचा खांब तिथेच. उद्या वारा आला तर शहरात दिवा असेल आणि शहराला दूध-भाजी देणारी वाडी अंधारात.

---

शेवग्याची_शेंग

आता सगळं वाचलं. प्रश्न: मग केंद्राने पैसे योजनेला द्यावेत की वस्तूंना? दोन्ही म्हणू नका, ते नेहमीचंच उत्तर.

---

रॅरिटनकाठचा

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

शेंगताई, सरळ उत्तर देतो: आधी योजना, कारण त्याशिवाय वस्तू चुकीच्या जागी जाते. पण पैसे एकदम दोन लाख नकोत. दरवर्षी पाच-सात हजार द्या, आणि अट एकच घाला की जानेवारीत सगळे नंबर फिरवून बघायचे आणि सगळ्यांना एकदा एका खोलीत बसवायचं. मध्यंतरी दिशा थोडी तशी झाली होती. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने राज्यांना सांगितलं की ऊर्जा सुरक्षेची योजना ताजी नसेल तर ऊर्जेचा ठरावीक निधी मिळणार नाही. ते राज्यांपुरतं. गावांचं नशीब हलकं. फीमा या केंद्राच्या आपत्ती संस्थेचा ‘ब्रिक’ म्हणून आपत्तीआधीच्या तयारीचा मोठा निधी होता, २०२५ च्या एप्रिलमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. अनेक गावांची आखलेली कामं तिथेच लटकली.

वस्तूंचं म्हणाल तर सँडीनंतर न्यू जर्सीने एक गोष्ट माझ्या मते शहाणपणाची केली. पेट्रोलपंपांसाठी अनुदान काढलं, जनरेटर घ्यायचा तर ६५ हजार डॉलरपर्यंत, आणि नुसती बाहेरून जनरेटर जोडता येईल अशी वायरिंग करायची तर १५ हजारांपर्यंत. आपल्या भाषेत चेंजओव्हर स्विच. जनरेटर हा प्रकार गंजतो, चोरीला जातो, ऐन वेळी चालू होत नाही. जोडणी भिंतीवर असली तर गाव कुठूनही जनरेटर आणून लावू शकतं. सांडपाण्याच्या केंद्रांना आणि रुग्णालयांना वेगळी २० कोटी डॉलरची ‘रेझिलियन्स बँक’ काढली. सांडपाणी कशाला असं कुणाला वाटेल. सँडीत नुअर्कचं पॅसेक व्हॅली केंद्र बुडालं आणि कोट्यवधी गॅलन घाण तशीच खाडीत गेली, तेव्हा कळलं कशाला.

आणि प्रिन्स्टन विद्यापीठाकडे स्वतःचं छोटं वीजकेंद्र होतं, तिथे सँडीत दिवे होते. आमची मुलगी तेव्हा तिथे शिकत होती. आम्ही फोन चार्ज करायला तिच्या खोलीवर जायचो. तिने कॉफीसुद्धा विचारली नाही.

---

टवाळ_टिटवी

अवांतर: रॅरिटनकाठकाका, तुमच्याकडच्या कुठल्या पंपवाल्याने ती १५ हजारवाली वायर बसवली का? की ती पण फ्लोरिडाला?

---

सनीव्हेलची_सून

मीही हेच विचारणार होते.

---

रॅरिटनकाठचा

बसवली होती. पटेलभाईंच्या मेहुण्याचा पंप. फॉर्म भरताना त्याने मला तीनदा घरी बोलावलं, तिन्ही वेळा ढोकळा. पंपामागच्या भिंतीवर करड्या रंगाचा डबा, वर कुलूप. त्याने दोन वर्षांपूर्वी पंप विकला.

हा प्रश्न वाचून आत्ता संध्याकाळी जाऊन आलो. डबा आहे. त्याच्यापुढे नव्या मालकाने बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीझर उभा केलाय, मागे हात जात नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणाला ते काय आहे मला माहीत नाही, आधीपासून आहे. मालक मंगळवारी सकाळी असतो म्हणाला. जाऊन येतो मंगळवारी, बाइंडर घेऊनच जातो.